मुकादमांचा डबा

मुकादमांच्या थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण झालं, त्याच वर्षी रस्त्याच्या कामावर निरोपाचे डबे आले. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून इंजिनिअरबाईंनी प्रत्येक गाडीत एकेक डबा बसवला, मुकादमांच्या कमरेला एक दिला आणि एक त्यांच्या घरी.

"निरोप हातोहात जातो," बाईंनी समजावलं. "मुकादम कुठे आहेत ते डब्यांना कळतं. मग त्यांच्या जास्त जवळ जी गाडी, तिच्याकडे निरोप सरकतो. खडीच्या ट्रकवरून टँकरकडे, टँकरवरून मुकादमांकडे."

"म्हणजे मी कुठे आहे ते घरी दिसणार?" मुकादमांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. जेवल्यावर सिमेंटच्या मोठ्या पाइपात शिरून दोन तास आडवं व्हायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय.

त्यांनी तोड काढली. रोलरच्या टपावर लोखंडी पिंजरा वेल्ड करून घेतला. दुपारी डबा पिंजऱ्यात, पिंजऱ्याला कुलूप, किल्ली खिशात.

"मामा, कुणी विचारलं तर मी डब्यापाशी."

रोलर चालवणारे रोलरमामा शब्दाला जागणारे. "डबा तिथे मुकादम," ते म्हणाले.

महिन्याभराने थोरलीचे दिवस भरले. त्या दिवशी सकाळीच बायकोने बजावलं, "थोरलीच्या जन्माला तुम्ही तिसऱ्या दिवशी उगवलात. आज तिची वेळ चुकवलीत, तर ती जन्मात बोलायची नाही तुमच्याशी."

आणि नेमका भर दुपारी रोलरवर निरोप उमटला: 'थोरलीला दवाखान्यात नेलंय. असाल तसे या.' मामांनी चार हाका मारल्या. मुकादम कुठेच नाहीत. मामांनी विचार केला, डबा तिथे मुकादम, मग डबा तरी वेळेवर पोचवावा. त्यांनी रोलर वळवला. दवाखाना सहा किलोमीटर.

इकडे टँकरवाल्याने पाइपावर पाना बडवला. "मुकादम, उठा! आजोबा व्हायची वेळ आली!"

"तुला कसं कळलं मी इथे आहे?"

"आधी बसा, मग विचारा."

अर्ध्या वाटेत पुढे रोलर दिसला.

"थांबव! डबा घेतो." मुकादमांनी खिसे चाचपले. किल्ली पाइपातच पडली होती.

"माघारी वळवू?"

डबा रस्त्यात आणि आपण दवाखान्यात, म्हणजे बिंग फुटणार. मुकादमांनी घाम पुसला. "सरळ चल. होईल ते होईल."

शेजारून जाताना मामा ओरडले, "काळजी नको, मुकादम! तुम्हाला घेऊनच येतोय!"

दवाखान्याच्या दारात बायको उभी. हातात घरचा डबा.

"या. तुम्ही तर अजून रस्त्यातच दिसताय."

"अगं, तो डबा जरा बिघडलाय..."

"ठणठणीत आहे. महिनाभर बघतेय. रोज दोन तास वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे, एकदाही चहाला थांबणं नाही. हे तुम्ही? आणि सदऱ्याच्या पाठीला रोज सिमेंट. कपडे मीच धुते ना?"

"मग निरोप रोलरवर कशाला पाठवलास?"

"तो लोकांना दाखवायला, की तुम्ही कामावरच होतात. तुम्हाला उठवायला टँकरवाल्याला वेगळा पाठवला, पाइपात बघ म्हणून. आता आत चला, पोर वाट बघतेय."

थोरलीने बापाचा हात घट्ट धरला. नर्सने मुकादमांना बाहेर काढलं आणि दहाच मिनिटांत नात रडली.

तासाभराने दवाखान्याची तावदानं थडथडली. फाटकात रोलर उभा करून मामा आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुकादम पोचले हो!"

"त्यांना म्हणावं, पाय धुऊन आत या," बायको म्हणाली.

नात शाळेत जाऊ लागली त्या वर्षी रोलरमामा वारले. मुकादम त्यानंतर चार वर्षांनी, उन्हाळ्यात गेले.