बिबट्या ऑनलाइन आहे

एका जंगलात, मुलांनो, एक मोठं वडाचं झाड होतं. वर हुप्पेराव नावाचे वानर बसायचे, खाली चितळांचा कळप चरायचा. बिबट्या दिसला की हुप्पेराव वरून "खक् खक्" ओरडायचे. गवत खायचं तर मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घालायची तर वर कुणाचा तरी डोळा असावा लागतो. तो डोळा हुप्पेरावांचा.

कळपात ठिपकी नावाची चितळीण होती. तिचं पाडस नुकतंच उभं राहायला शिकलं होतं. चालताना त्याचे पुढचे पाय एकीकडे जायचे आणि मागचे दुसरीकडे. ठिपकीचा सगळा जीव त्या पाडसात होता आणि भरवसा हुप्पेरावांवर.

तर झालं काय, कोल्होबांनी जंगलात खेळाच्या पेट्या विकायला आणल्या. लगेच समोरच्या बिळात तरसशेठनी आपल्या पेट्या मांडल्या. एकाचा खेळ दुसऱ्याच्या पेटीत चालायचा नाही, ही दोघांचीही हुशारी. जंगलात दोन तट पडले. सख्खे ससे भाऊ एकमेकांशी बोलेनात. पुढे पेट्या ऑनलाइन झाल्या, तेव्हा तेच ससे नदीपलीकडच्या अनोळखी घुबडाला बसल्या जागी शिव्या घालू लागले.

कोल्होबांनी हुप्पेरावांना एक पेटी फुकट दिली. उंचावर बसून खेळणारा साऱ्या जंगलाला दिसतो ना. त्यातला 'पळ चितळा पळ' हा खेळ हुप्पेरावांना भलताच आवडला. एकाने चितळ व्हायचं, दुसऱ्याने बिबट्या.

पहिल्याच दिवशी वरून "खक् खक्" आलं. कळप उधळला. पाडस धडपडत तोंडावर पडलं.

"कुठे आहे बिबट्या?" ठिपकीने धापा टाकत विचारलं.

"खेळात," हुप्पेराव म्हणाले.

"अहो, मग तसं सांगायचं तरी."

"ऑनलाइन खेळ मध्येच थांबवता येत नाही, ठिपकीबाई. समोरचा काय म्हणेल?"

ठिपकी तक्रार घेऊन दोन्ही दुकानांत गेली. कोल्होबा म्हणाले, "भीती अगदी खरी वाटली ना? मग पेटी चांगली आहे." तरसशेठ म्हणाले, "आमच्या पेटीत याहून जास्त वाटते."

मग खक् खक् दिवसभर चालू झालं. चितळं पळून पळून कंटाळली आणि शेवटी मान वर करायचंच त्यांनी सोडून दिलं. एकटी ठिपकी तेवढी बघायची. एके दुपारी तिला करवंदीच्या जाळीत खराखुरा बिबट्या दिसला. ती पळायला वळली. पण त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या पुढ्यात कोल्होबांची पेटी होती. हुप्पेरावांचा तो 'समोरचा' म्हणजे हाच. बिचाऱ्याच्या बरगड्या वर आल्या होत्या, पण शिकारीत त्याचा जंगलात पहिला नंबर होता.

"बाई, जरा सरका. उजेड अडवताय," तो म्हणाला.

ठिपकी सरकली. त्या दिवसापासून तिने पेटीला नावं ठेवणं बंद केलं. बिबट्या ऑनलाइन आहे म्हटल्यावर ती निवांत चरू लागली. पाडसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिकडे तरसशेठचा खप वाढला आणि कोल्होबांचा जळफळाट झाला. त्यांनी घाईघाईने नवी पेटी काढली आणि जुन्या साऱ्या पेट्या एका दुपारी बंद करून टाकल्या. हुप्पेरावांना नवी पेटी झाडावर पोचली. बिबट्याचा नंबर रांगेत बराच मागे होता.

त्याची पेटी काळी पडली. त्याने ती थोपटली, हलवली, उलटी केली. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला भूक लागली आहे.

ठिपकीने त्याला उठताना पाहिलं. ती जीव तोडून ओरडली, "बिबट्या आला, पळा!"

कळपातल्या कुणी मान वर केली नाही. एक म्हातारा चितळ चरता चरता म्हणाला, "ठिपके, तूही घेतलीस वाटतं पेटी? कुणाची, कोल्होबांची की तरसाची?"

ठिपकी पळाली. पाडसाला पळता आलं नाही.

संध्याकाळी दोन्ही दुकानदार तिला भेटायला आले. पाडस जिथे झोपायचं तिथलं गवत अजून दबलेलं होतं, आणि ठिपकी त्याकडे बघत बसली होती. मग कोल्होबा हळूच म्हणाले, "आमच्या नव्या पेटीत पाडस वाढवायचा खेळ आहे."

"आमच्यातलं पाडस जास्त जोरात पळतं," तरसशेठ म्हणाले.

तात्पर्य : राखणदार खेळत बसला म्हणून उगाच बोंब मारू नये. शिकाऱ्याचा खेळ बंद पडणार नाही, एवढं पाहावं. आणि बाजारात नवी पेटी आली, की ती सगळ्यांत आधी त्याला द्यावी.