निवृत्त माणसाचं खातं

सोमवारी सकाळी कॅरिनने एंटर दाबलं आणि मिनेसोटातल्या त्या छोट्याशा नगर कार्यालयातलं कुणीच कुणी राहिलं नाही.

निदान संगणकाच्या लेखी. पाणीपट्टीच्या खिडकीवरून ती संगणक विभागात आली त्याला दोन महिने झाले होते. आधीचा ऑर्विन स्टेन्सरूड त्याच्याही दोन महिने आधी निवृत्त होऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरत बसला होता. त्याची जागा हवी असेल तर पॉवरशेल, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम द्यायची भाषा, शिकायची, चाचणीचा काळ शुक्रवारी संपेल, नाही जमलं तर खिडकी आहेच, असं साहेबांनी, म्हणजे ग्लेन कोवाच यांनी, सौम्यपणे सांगितलं होतं. पहिलं काम सोपं होतं. नव्वद दिवसांत ज्यांनी लॉगिन केलेलं नाही, त्यांची खाती बंद करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची.

पहिला फोन काउंटरवरच्या मार्लिसचा आला. "कॅरिन, मला आत घेत नाही गं. मी काही केलं का?"

दुसरा फोन आलाच नाही. ग्लेन स्वतः आले.

"माझं खातं बंद आहे म्हणे."

"सगळ्यांचंच आहे."

"मग चालू कर की."

"माझंही आहे."

ग्लेननी खुर्ची ओढून घेतली. "मग चालू कुणाचं आहे?"

कॅरिनने स्वतःच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. जुनं म्हणजे जास्त दिवस, म्हणजे मोठं, असा तिने हिशेब केला होता. संगणक मात्र दिवस मोजत नव्हता, तारखा ताडून पाहत होता. आणि तारीख जितकी जुनी तितकी त्याला लहान. तिचं 'पेक्षा मोठं'चं चिन्ह नेमकं उलटं पडलं होतं.

"जे नव्वद दिवस इकडे फिरकले नाहीत, त्यांचं," ती म्हणाली.

"म्हणजे ऑर्विनचं."

"सगळ्या अधिकारांसकट."

"ते काढायला मी तुला सांगितलं होतं."

"तेच करत होते."

ग्लेन खिडकीबाहेर बघत राहिले. दुपारी बर्फ पडणार होता, आणि बर्फ काढणाऱ्या यंत्रासाठी गाड्या रस्त्यावरून हलवा ही सूचना कुणालाच पाठवता येत नव्हती. "त्याला फोन लाव," ते म्हणाले. "आणि आधी मासे लागतायत का ते विचार. एकदम कामाचं बोलू नकोस."

ऑर्विन आला तो बर्फातल्या जाड विजारीत, हातात माशांची बादली घेऊन. त्याने लॉगिन केलं, कॅरिनला शेजारी बसवलं आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"तूच कर, पोरी. आधी सगळ्यांना परत घे."

"तुम्हीच करा. मी परत काहीतरी बिघडवेन."

"माझ्या पहिल्या वर्षी मी पोलिसांचे सगळे प्रिंटर यादीतून पुसून टाकले होते. बिघडलं तर बिघडू दे."

दहा मिनिटांत माणसं परत आली आणि मार्लिसने सूचना पाठवली. मग ऑर्विनने तिला ओळीच्या शेवटी एक शब्द जोडायला शिकवला. तो असला की संगणक काही करत नाही, काय केलं असतं एवढंच सांगतो. कॅरिनला वाटलं, हा शब्द पॉवरशेलच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापायला हवा होता.

"आता चिन्ह सुलटं कर आणि चालव."

तिने चालवलं. नऊ नावं आली. तिने ती दोनदा वाचली.

"ऑर्विन, यात तुम्ही नाही."

"कसा असेन? आजच तर आत आलो."

ग्लेननी घसा साफ केला. ते खातं हाताने बंद करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ऑर्विन समोर बसला होता, त्याच्या मिशीवरचा बर्फ अजून पुरता वितळला नव्हता, आणि बादलीतले दोन मोठे मासे त्याने नुकतेच ग्लेनच्या नावावर केले होते.

"नियम म्हणजे नियम," ग्लेन म्हणाले. "नव्वद दिवसांनी बघू. मात्र तेव्हा ते बंद करायला कुणीतरी लागेल. कॅरिन, शुक्रवारचं राहू दे. तोवर तू इथेच."

कॅरिनला 'थँक्यू' म्हणायचं होतं, पण नक्की कुणाला, हे ठरेना. चुकीला म्हणावं तर ते बरं दिसलं नसतं. तिने ऑर्विनचा कॉफीचा मग भरून दिला.

ऑर्विनने दारात टोपी कानांवर ओढली.

"महिन्याभरात कॉफीला येईन," तो तिला म्हणाला. "आलोच आहे तर लॉगिनही करून बघेन म्हणतो, चालतंय का ते."