कोपऱ्यातला अंगठा

बैठकीच्या खोलीतल्या रिकाम्या भिंतीवर बाबांचा फोटो लावायचा, एवढंच आईचं म्हणणं होतं. एकट्याचा नको, सगळ्यांबरोबरचा हवा. अडचण अशी, की घरातले सगळे फोटो हयातभर बाबांनीच काढले होते. कॅमेरा ते कुणाच्या हाती देत नसत. त्यामुळे खोक्यातल्या एकाही फोटोत ते नव्हते. त्यांचा अंगठा मात्र प्रत्येक फोटोत होता. उजव्या कोपऱ्यात, भिंगावर आलेला, गुलाबी आणि धूसर. हयात असताना घरादाराने त्या अंगठ्याची यथेच्छ टिंगल केली होती. आता ताई आणि दादा सगळे फोटो जमिनीवर पसरून त्याच्याकडेच बघत बसले होते.

आईने बागेतला फोटो उचलला. त्यात अंगठा कोपरा सोडून बराच आत आला होता.

"हाच लावा. यात ते सगळ्यात जास्त आलेत."

"अगं आई, पाव फोटो खाल्लाय त्यांनी!" दादा म्हणाला.

"मग? तेवढी जागा त्यांना नको?"

पुढे ताईला बारीक काळी चौकट हवी होती आणि दादाला रुंद लाकडी. दोघांचं बोलणं बंद झालं, तेव्हा ताईने माघार घेतली, म्हणजे दुकानात जायचं काम दादाच्या गळ्यात टाकलं.

"बोट आलंय साहेब. कडेच्या पांढऱ्या पुठ्ठ्याखाली झाकू?" फ्रेमवाल्याने विचारलं.

दादा सवयीने म्हणाला, "झाका की!"

उजवीकडे जेवढा पुठ्ठा, तेवढाच डावीकडे, नाहीतर फ्रेम लंगडी दिसते. फोटोत डावीकडे आत्या उभी होती. फ्रेम भिंतीवर चढली आणि नेमकी आत्याच बघायला आली.

"माझा एक कान ठेवलात, उपकार झाले," आत्या म्हणाली. "बाकीची मी कुठाय?"

"तुमचं राहू द्या हो वन्सं," आई म्हणाली. "हे कुठे गेले?"

दादा फ्रेम काखेत मारून पुन्हा दुकानात गेला.

"पुठ्ठा नको. पूर्ण फोटो दिसू दे."

"बोटासकट?"

"बोटासाठीच."

फ्रेमवाल्याने पुढे काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये, हे त्याला कळत होतं.

नवी फ्रेम लागली. आई रोज सकाळी काच पुसू लागली, सुरुवात अंगठ्यापासून. मग एका दुपारी वरच्या मजल्यावरचे काका चहाला आले आणि कप हातात धरून भिंतीपुढे थबकले.

"अरे, हा तर मी काढलेला फोटो!"

"भलतंच काय काका," ताई म्हणाली. "हा बाबांचा अंगठा आहे."

"माझा आहे गं. त्या दिवशी मी कॅमेरा जवळजवळ हिसकावलाच त्याच्याकडून. म्हटलं, उभा राहा एकदा माणसात! फोटो धुऊन आला, तेव्हापासून महिनाभर बोलला नाही माझ्याशी."

"मग बाबा कुठे उभे होते?"

काकांनी ओशाळून आईच्या शेजारच्या गुलाबी ढगावर बोट टेकवलं.

"इथे. याच्या मागे."

दादाने काचेला नाक लावलं. अंगठ्याखालून बुटाचं एक टोक डोकावत होतं. मग त्याने हळूच स्टूल ओढलं.

"काढू का गं आई, खाली?"

"खबरदार हात लावलास तर!" आई म्हणाली. "जन्मात एकदा कॅमेरा सोडून माझ्याशेजारी उभे राहिलेत."