शंभरपैकी शंभर

युद्धकाळात माणसाचे प्राण वाचवायचे तर आधी त्याचं व्याकरण पक्कं करावं लागतं, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आखातात कतीफजवळ पाइपलाइन टाकणाऱ्या एका तुर्की कंपनीच्या ती जानेवारी एक्क्याण्णवमध्ये, पहिलं क्षेपणास्त्र डोक्यावरून गेल्याबरोबर लक्षात आली. भोंगा वाजला की साहेब तुर्कीत ओरडणार. कामगाराला 'खंदकात' आणि 'खंदकातून' यांतला फरकच कळला नाही तर? तेव्हा रोज दुपारी तासभर विभक्ती सुरू झाली. (गॅसचे मुखवटे पुढच्या जहाजाने येणार होते.)

नोटीस लागली: कुणाला मायदेशी सोडायचं, ते परीक्षेच्या निकालावरून ठरेल.

श्रीवर्धनचा मुनाफ वेल्डर कंबर कसून बसला. बायकोचं, मैमुनाचं पत्र आलं होतं: "काही आणू नका, नुसते या. पोरं रेडिओपासून जेवायला उठत नाहीत." आणि गडी शाळेत 'स ला ते, स ला ना ते' घोकून आलेला! आठ विभक्त्या पचवलेल्याला तुर्कीच्या सहा म्हणजे नाश्ताच. शब्दही साहेबांनी नेमका 'एव' दिला, म्हणजे घर. एवे, घराकडे, एवदे, घरात, एवदेन, घरातून. मग मालकीचे प्रत्यय: एविम, माझं घर.

"मुनाफभाय, जेवताना तरी ते घर खाली ठेवा," शेजारच्या खाटेवरचा दिवेआगरचा केरू म्हणायचा.

भोंगा एकूण अकरा वेळा वाजला, त्यांपैकी नऊ वेळा वर्गातच. प्रत्यय एकालाही आठवला नाही. खंदकात मात्र सगळे सापडले.

निकाल लागला. मुनाफ पहिला, अठ्ठ्याण्णव गुण. केरूला अकरा.

दुसरी नोटीस आली, तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ज्यांना हुकूम कळत नाहीत त्यांना इथे ठेवणं अमानुष आहे. सबब नापास एकतीस जणांनी बसने जेद्दाला आणि तिथून घरी जावं. ज्याला सगळं कळतं त्याला धोका कसला? मुनाफची नेमणूक भोंग्याखाली झाली, बाकीच्यांना ओरडून सांगायला.

त्याने साहेबांना तुर्कीतच विनवलं, "मला घरी जायचंय." साहेबांनी प्रत्यय तपासला. बरोबर निघाला. उरलेले दोन गुणही त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकले. मुनाफला रडू फुटलं. त्याची नोंद 'आनंदाश्रू' अशी झाली.

मुनाफच्या गुणांचं प्रमाणपत्र घेऊन केरू श्रीवर्धनला गेला. मैमुना त्याच्या पाठीमागच्या रस्त्याकडेच बघत राहिली. मोहल्ल्याने मात्र प्रमाणपत्राला फ्रेम केली. लोक पोरांना आणून दाखवू लागले, "बघ, शंभरपैकी शंभर! नाहीतर हा केरू. नापास होऊन परत आला."

हसू नका, वाचकहो. तुम्हीही आपल्या पोराला त्या फ्रेमपुढेच उभं केलं असतंत, आणि केरूच्या सावलीलाही फिरकू दिलं नसतंत.