जावईबापूंना चढली

उत्कर्षानं सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "सोमवारी पाहुणे येतील, तेव्हा मीटर तीसच्या वर दाखवेन! आणि त्याच दिवशी सुटी घेऊन सिन्नर गाठेन!"

सिन्नरला तिचा नवरा रूपेश शाळेत शिकवत होता आणि ती इथं, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या लेझर कारखान्यात. दिवाळीनंतर दोघांची गाठ नव्हती. फोनवर रूपेश विचारायचा, "कधी येतेस?" आणि ही सांगायची, "जावईबापू ऐकतील तेव्हा!"

जावईबापू म्हणजे एक स्फटिक. करंगळीच्या नखाएवढा, पण तोरा असा की बघायलाच नको! समोरासमोरच्या आरशांमध्ये त्याला बसवायचं, लेझरचा हिरवा प्रकाश त्याच्यात सोडायचा आणि त्यानं त्यातून दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश काढून द्यायचा. पण तापमान जरा इकडचं तिकडे झालं की स्वारी रुसलीच! शंभर भाग प्रकाश घालावा, तर जेमतेम अठरा भाग कामाचे परत मिळायचे. उरलेला हिरवा सरळ आरपार निघून वाया! सोमवारी पाहुणे म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला तीस हवे होते. एवढा मानपान घेऊन एवढंसं परत देणारं दुसरं कोण असणार? म्हणून उत्कर्षा आणि तिचा सहकारी हितेश यांनी त्याला ते नाव ठेवलं होतं.

एका संध्याकाळी ती खोलीबाहेरच्या गॅलरीत उभी राहून हितेशला स्फटिकाच्या तापमानावरून फोनवर झापत होती. "जावईबापूंना जास्त चढू देऊ नकोस! काल चढलं आणि तमाशा झाला! कितीही ओता, काही उपयोग नाही! वर आरसा जाळून ठेवला! मला रडू येतंय रे. अशानं मी घरी कधी जाणार?"

खाली अंगणात घरमालकीण सोजराबाई बोंबील निवडत होत्या. त्यांच्या हातातला बोंबील हातातच राहिला! खोली देताना घेतलेला उत्कर्षाच्या वडिलांचा नंबर त्यांच्याकडे होता. त्यांनी लगेच फोन लावला.

"बन्सीभाऊ, तुमी तिकडं निवांत बसलाव, पन तुमचा जावई लय पितो! घरातला आरसा जालला म्हनं! पोरगी रडते हाय, घरी जायाची तिला सोय नाय!"

बन्सीभाऊंनी पुढचं ऐकलंच नाही. ते थेट सिन्नरच्या शाळेत हजर! भर वर्गातून रूपेशला बाहेर बोलावून ते गरजले, "दारू पिता? आरसे जाळता? चला बोईसरला! माझ्या मुलीसमोर शपथ घ्यायची!"

ज्या माणसाला खोकल्याच्या औषधानंही गरगरतं, त्या रूपेशनं तोंड उघडलं, क्षणभर विचार केला आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलं मामा. कधी निघायचं?"

इकडे सोमवार उजाडला. उत्कर्षानं शेवटचा उपाय म्हणून एक जास्तीचा आरसा लावला होता. आरपार निघून जाणारा हिरवा प्रकाश त्यावरून उलट फिरायचा आणि पुन्हा स्फटिकातून जायचा. वाया जाणाऱ्याला माघारी बोलवायचं, एवढंच! मीटर हळूहळू सव्वीसवर आलं होतं. पाहुणे ऑफिसात चहा घेत होते. तेवढ्यात गेटवरून महादू वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, जावईबापूंना घेऊन आलेत. बखोट धरलंय!"

"काय? जावईबापू गेटवर?" उत्कर्षा किंचाळली.

"चोरी!" हितेश ओरडला आणि खात्री करायला त्यानं स्फटिक उबेत ठेवणारा डबा खटकन उघडला! स्फटिक जागेवरच होता, पण गार वारा लागला आणि मीटर धाडकन चारवर!

आता तो परत तापेपर्यंत पाहुण्यांना गुंतवायचं कसं? ते काम बन्सीभाऊंनी न सांगता केलं. ऑफिसात शिरताच त्यांनी जावयाला सगळ्यांसमोर उभं केलं. "हा बघा! मास्तर आहे आणि पितो!" पाहुण्यांपैकी एकानं रूपेशला दारूचे दुष्परिणाम सांगायला घेतले. रूपेश मन लावून ऐकत होता, पण त्याचे डोळे आतल्या दाराकडे लागले होते.

दार उघडलं. अंगात पांढरा कोट, केस विस्कटलेले, नजर घाबरलेली. "बत्तीस!" उत्कर्षा ओरडली आणि जागच्या जागी थिजली.

"तू?"

"मी," रूपेश म्हणाला. "बारीक झालीस गं."

सगळा उलगडा झाला, तेव्हा बन्सीभाऊंनी कपाळावर हात मारला. "अहो, पण तुम्ही कबूल का केलंत?"

"नाही म्हटलं असतं, तर तुम्ही मला तिथंच सोडून आला असतात ना, मामा!"

सुटी तिथल्या तिथं मंजूर झाली. सोजराबाईंनी शरमून बन्सीभाऊंना बोंबलाच्या कालवणासाठी ठेवून घेतलं आणि ही दोघं नाशिकच्या एसटीत चढली. खिडकीची जागा मिळाली. शेजारी तो! फोनवर न मावलेलं किती काय काय साठलं होतं! कुठून सुरुवात करावी याची उत्कर्षानं मनात जुळवाजुळव केली, घसा साफ केला आणि मासवण गाव मागे पडताच हळूच म्हणाली, "ऐक ना, दिवाळीला तू गेलास ना, त्यानंतर मला..."

उत्तरादाखल खांद्यावर घोरणं ऐकू आलं. तोंड उघडं, चष्मा नाकावर तिरका! मास्तर प्रवासानं पार गळून गेले होते.

तिनं चष्मा अलगद काढून पर्समध्ये ठेवला, खांदा जराही हलणार नाही अशी सावरून बसली आणि राहिलेलं सगळं खिडकीलाच सांगत सुटली!