तपासलेली ओढणी

रविवारी सकाळी आपला रुमाल आपणच शोधायचा, एवढंच शशिधरनं ठरवलं होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी रुमाल कुठल्या कप्प्यात असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. बायको शांभवी दळण आणायला गेली होती. म्हणून त्यानं तिचं कपाट उघडलं. रुमाल काही मिळाला नाही. मिळाला तो एक ड्रेस.

वाइन रंगाचा, पायघोळ, गळ्याला बारीक आरशांचं काम, वर मोतिया रंगाची ओढणी. असा ड्रेस घालून बाई हॉलात शिरली की वाढप्याच्या हातातली जिलेबी ताटाबाहेर पडावी! शशिधरनं तो याआधी कधी पाहिला नव्हता. आता दुसऱ्या कुणी 'छान आहे' म्हणून कपाट लावलं असतं. पण शशिधर विमा कंपनीच्या ऑफिसात दाव्यांची छाननी करायचा. हातकणंगल्याहून म्हैस मेल्याचा दावा आला, की बाकीचे कारकून विचारत, 'कशानं मेली?' शशिधर विचारायचा, 'म्हैस होती का?'

त्यानं ड्रेस तपासायला घेतला. हल्लीच्या ड्रेसला खिसे असतात हे त्याला नवीनच होतं. उजव्या खिशात दोन लवंगा होत्या आणि एसटीचं तिकीट होतं. कोल्हापूर ते मलकापूर.

शशिधर पलंगावर बसला. मलकापुरात त्यांचं कुणीही नव्हतं.

शांभवी पिठाचा डबा घेऊन आली, तेव्हा तो पेपर धरून बसला होता. (थेट विचारायचं नाही, हा छाननीचा पहिला नियम.)

"मलकापूरकडं पाऊस कसा हाय गं?"

"मला काय ठावं? मी काय मलकापुरात ऱ्हाते व्हय?"

उत्तर टाळलं. शशिधरनं मनात नोंद केली.

"त्यो कपाटातला ड्रेस कितीला पडला?"

"साडेआठशे."

"साडेआठशे?"

"व्हय की. का? जास्त झाले?"

जास्त? साडेआठशेत त्या गळ्यावरचे आरसेसुद्धा आले नसते! शशिधरला मग एकेक आठवायला लागलं. भाचीच्या साखरपुड्याला शांभवीनं निळा गाऊन घातला होता. शेजारच्या बारशाला सोनेरी काठाचा घागरा. दोन्ही पुन्हा कधी दिसले नव्हते. तेव्हा त्याला बायको सुंदर दिसतेय, याचंच कौतुक वाटलं होतं. आता वाटलं, साडेआठशेत ड्रेस मिळतो, खिशात मलकापूर निघतं आणि समारंभ संपला की ड्रेस गायब होतो. ही साधी गोष्ट नाही. कोण आहे हा मलकापूरचा दिलदार माणूस? कापडवाला असावा. लवंग खाणारा असावा.

दुपारी शांभवी झोपली, तेव्हा शशिधरनं कपाट पुन्हा उघडलं. वस्तू गायब होत असेल, तर तिच्यावर खूण हवी. घरी काम करायला आणलेल्या फायलींसोबत ऑफिसचा शिक्का होता. त्यानं ओढणीचं एक टोक उलटं केलं आणि कोपऱ्यात शिक्का मारला. 'तपासले.' खाली सही केली आणि तारीख टाकली. (सही करायची काहीच गरज नव्हती. पण सहीशिवाय शिक्का मारायला हात तयार होईना.)

मंगळवारी ड्रेस कपाटात नव्हता.

"त्यो वाइन कलरचा कुठं गेला?"

"नसरीनकडं दिलाय," शांभवी भाकरी थापता थापता म्हणाली.

नसरीन म्हणजे गंगावेशीत लेडीज टेलरिंगचं दुकान चालवणारी बाई. शांभवीची मैत्रीण. शशिधर अंघोळीला गेला आणि डोक्यावर पहिला तांब्या पडताच त्याला सगळं लख्ख दिसलं. बायको निर्दोष होती! भोळी होती बिचारी. ती ड्रेस फिटिंगला देते आणि ती नसरीन तो परस्पर दुसऱ्यांना भाड्यानं देते. मलकापूरचं तिकीट तो भाड्यानं नेणाऱ्या बाईचं. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो टॉवेल न घेताच बाहेर आला आणि शांभवीच्या ओरडण्यानं परत आत गेला.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर तो गंगावेशीत हजर झाला. नसरीन मशीनवर होती. शेजारी तिचा नवरा फरहान कॉलरला काज करत बसला होता.

"या भाऊजी! बसा की. आज इकडं कसं?"

"आमचा वाइन कलरचा ड्रेस न्यायला आलोय."

"आत्ता? आता न्हाय मिळायचा. रविवारपतोर बुक हाय."

शशिधर दचकला. गुन्हेगार इतक्या सहज कबुली देतो, असं त्यानं बारा वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"बुक हाय? आमचा ड्रेस?"

"व्हय की. पुढच्या बुधवारी मोकळा हाय. पण भाऊजी," नसरीननं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं, "कुणाला पायजे? शांभवीनं तर काय सांगितलं न्हाय."

"मलाच पायजे."

फरहाननं सुई थांबवली. "तुमच्या अंगाला बसायचा न्हाय, पावणं," तो गंभीरपणे म्हणाला.

शशिधर तडक उठून निघाला. आता पंचांसमक्ष मुद्देमाल पकडायचा, एवढंच बाकी होतं.

तो योग रविवारी आला. ऑफिसचे शाखाधिकारी आकारामसाहेब यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून कळंबा रोडच्या हॉलात पार्टी होती. वरिष्ठ कारकुनाच्या जागेसाठी शशिधरचं नाव साहेबांच्या टेबलावर पडून होतं. त्यामुळं तो कडक तयार झाला. शांभवीनं आदल्या दिवशी आणलेला काळा कोट त्यानं चढवला. कोट खांद्यात जरा धरत होता, पण आरशात बघितल्यावर त्यानं ते मनावर घेतलं नाही. कोट घालताना शांभवी काहीतरी सांगत होती. तो भांग पाडत होता.

हॉलात शिरले आणि शशिधर दारातच थांबला. स्टेजवर साहेबांच्या शेजारी त्यांच्या पत्नी संयोगितावहिनी उभ्या होत्या. अंगावर तो ड्रेस. खांद्यावर ती ओढणी.

शांभवी कुणाशी तरी बोलायला वळली, तेवढ्यात शशिधर स्टेजवर गेला. साहेब पाहुण्यांना मोठ्या आवाजात सांगत होते, "हिचं सगळं बेंगळुरूचं असतंय बघा! आपल्या हितं असलं मिळत न्हाय!"

"साहेब," शशिधर हळू आवाजात म्हणाला, "वहिनींची फसवणूक झालीया."

"कसली फसवणूक?"

"ह्यो ड्रेस चोरीचा हाय."

साहेबांच्या हातातला गुच्छ खाली आला. "शशिधर, काय खाऊन आलायस का रं?"

"पुरावा हाय साहेब. ओढणीचं टोक उलटं करा."

संयोगितावहिनी "अहो, काय करताय!" म्हणेपर्यंत साहेबांनी टोक उलटं केलं. मोतिया रंगावर जांभळ्या शाईत त्यांच्याच ऑफिसचा शिक्का होता. तपासले. खाली सही आणि तारीख.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी शशिधरकडं बघितलं. आपल्या बायकोच्या ओढणीवर आपल्या कारकुनाची सही बघून माणसाचा चेहरा कसा होतो, हे शशिधरला त्या क्षणी कळलं. वरिष्ठ कारकुनाची जागा त्याला डोळ्यांदेखत हॉलाबाहेर जाताना दिसली.

"ही सही तुझी?"

"माझीच, पण..."

"माझ्या बायकोची ओढणी तू कुठं बसून तपासलीस?"

"आमच्या बेडरूममध्ये," शशिधर म्हणाला. (खरं होतं. पण खरं बोलायचीही एक वेळ असते.)

पुढच्या रांगेतल्या खुर्च्या आणखी पुढं सरकल्या. मग शांभवी पुढं आली. मागून पाहुण्यांत बसलेली नसरीन आली, तिच्यामागं फरहान. संयोगितावहिनींनी कपाळावर हात मारला आणि माईकची गरज नसलेल्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"चोरी न्हाय न् काय न्हाय! आम्ही पाच जणींनी मिळून घेतल्याला ड्रेस हाय ह्यो. असलं सात हायत. प्रत्येकीला साडेआठशे पडलं. नसरीन मापं आत-बाहेर करून देते. ज्या बाईचा कार्यक्रम, तिचा ड्रेस. मागच्या महिन्यात नसरीन हाच घालून मलकापूरला भावाच्या लग्नाला गेलती."

"दाढ दुखत हुती, तरी लवंगा चघळत गेलते," नसरीननं पुस्ती जोडली.

"मग बेंगळुरू?" साहेबांनी बारीक आवाजात विचारलं.

"मी म्हटलं हुतं, गंगावेशीतनं आणलाय. तुम्ही मोबाईलात डोकं घातलं हुतं. तुम्हाला बेंगळुरू ऐकू आलं. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे, माणूस खूश हाय."

सगळा हॉल हसायला लागला. शशिधरलाही जरा धीर आला. साहेबांची फजिती झाली, की आपली थोडी झाकते. तो हसत हसत एक पाऊल मागं सरकला. एवढ्यात खांद्यावर हात पडला.

"पावणं, कोट खांद्यात आखडतोय न्हवं?" फरहान मायेनं म्हणाला. "माझं खांदं जरा बारीक हायत. मंगळवारी मला लागतोय, बारशाला. तेवढी आमटी सांडू नका म्हंजे झालं."

आता हसणं पार वाढप्यांपर्यंत पोचलं. साहेब तर हसून हसून खुर्चीत बसले. मग अचानक थांबले आणि स्वतःच्या कोटाच्या कॉलरचं लेबल चाचपायला लागले.

ऑफिसचा शिक्का घरी वापरल्याबद्दल मेमो द्यायचं साहेबांच्या मनात फार होतं. पण शिक्का कुठं आढळला हे मेमोत लिहावं लागलं असतं, त्यामुळं तो विषय तिथंच मिटला. नसरीननं त्या डागावर आरशांचं फूल बसवायचं कबूल केलं. पाची जणींनी तिथंच उभ्या उभ्या ठराव केला, की फूल बसेपर्यंत ओढणी हातात धरून गंगावेशीत शशिधरनं बसायचं.

पार्टी संपल्यावर शशिधरनं शांभवीला स्कूटरवर मागं बसवलं आणि तो घराकडं निघाला. रंकाळ्याच्या कडेनं जाताना त्याला राहवेना.

"एवढं सगळं चाललं हुतं, तर मला एका शब्दानं सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं की."

"कवा?"

"संक्रांतीला सांगितलं. तुम्ही पेपर वाचत हुतासा. 'हं' म्हणालासा. पाडव्याला परत सांगितलं. 'हं, बघू' म्हणालासा. फरहानचा कोट बसतोय का बघायला तुमचं माप घेतलं. 'हात वर करा' म्हटलं, तर पेपरासकट वर केलासा."

शशिधरनं आठवून बघितलं. हात वर केल्याचं अंधुक आठवलं. तेव्हा पेपरात एका बनावट दाव्याची मोठी सुरस बातमी होती.

"ते ऱ्हाऊ दे," तो कळवळून म्हणाला. "पण मला सांग, मी एवढा शोध घेतला, तिकीट हुडकलं, खूण केली, दुकान गाठलं. चुकलो असंन. पण माणूस बायकोकडं एवढं लक्ष देतो, ह्याचं तुला काहीच वाटलं न्हाय?"

शशिधरनं स्कूटरच्या आरशात बघितलं. शांभवी मोबाईलवर पुढच्या महिन्यासाठी हिरवा शरारा बघण्यात गुंग होती.

"हं," ती म्हणाली. "बघू."