हेमलताचं पहिलं रील

लोकांना हसवणं हे शास्त्र आहे, आणि ते पूर्ण अवगत असलेल्या मोजक्या मराठी माणसांत मी मोडतो. हे मी तीस वर्षं दिवाळी अंकांतून छापून सिद्ध केलेलं आहे. फक्त राजधानीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते अजून सिद्ध व्हायचंय.

क्वार्टर हेमलताचं, म्हणजे माझ्या बायकोचं. ती सरकारी इस्पितळात कान-नाक-घसा विभागाची प्रमुख आहे. मी निवृत्त, ती नोकरीत. माझ्या विनोदाकडे ती सुजलेल्या टॉन्सिलकडे बघावं तशी बघते. आहे खरा, पण लगेच काही करायला नको.

तर एका संध्याकाळी ही बाई सोफ्यावर पोट धरून हसत होती. हातात फोन.

"कोण आहे?"

"आमचा संग्राम. थर्ड इयर रेझिडेंट. परभणीचा. बघा तरी."

एम.एस. करणारा पोरगा. ड्यूटी संपली की एप्रनवरच रील करतो. नाकात गेलेला चणा, कानात गेलेलं झुरळ. झुरळाचे संवादही तोच म्हणतो. लाखो लोक त्याच्या मागे. माझ्या शेवटच्या पुस्तकाची अख्खी आवृत्ती प्रकाशकाच्या पलंगाखाली आहे. मला हेवा वगैरे वाटला नाही. फक्त जेवताना भेंडी कडू लागली.

"यात विनोद काय आहे?"

"झुरळ," ती म्हणाली आणि परत हसली.

पुढच्याच आठवड्यात ती हिरमुसून घरी आली. राउंडवर एका पेशंटच्या मुलाने संग्रामला ओळखलं, आणि मॅडमच्या हातात स्वतःचा फोन देऊन म्हणाला, "आंटी, हमारा एक फोटो खींच दीजिए."

"मग तू काय केलंस?"

"काढला. दोन काढले. पहिल्यात संग्रामचे डोळे मिटले होते."

मी संधी साधली. "तू रील कर. लिहितो मी. तो पोरगा तुझ्यापुढे पाणी भरेल."

"चलो," ती म्हणाली. दुखावलेली नसती तर कधीच म्हणाली नसती.

विषय ठरला, कानात चावी घालू नका. मी हिंदीत विनोद लिहिले, एकापेक्षा एक. "कान आपका है, ताला नहीं." हेमलताने हे अशा चेहऱ्याने म्हटलं, की ऐकणाऱ्याने नातेवाइकांना बोलावून घ्यावं. दर वाक्यामागे आमचं भांडण. अख्खा रविवार गेला. शेवटी रील टाकलं, आणि तिने सवयीने विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हुकूम सोडला : सगळ्यांनी रील पाहून खाली प्रतिक्रिया द्यावी.

आता, रेझिडेंट लोकांना वरिष्ठांच्या हुकमावर एकच उत्तर ठाऊक असतं. तासाभरात आमच्या रीलखाली रांग लागली. "नोटेड मॅम." "नोटेड मॅम." "नोटेड मॅम, बेड सातचं ड्रेसिंग झालं." हसरा चेहरा एकही नाही. एका बाहेरच्या माणसाने विचारलं, "किसकी शोकसभा है?"

माझं लिखाण साभार परत आलंय, एकदा रद्दीवाल्यानेही नाकारलंय. पण त्याची नुसती नोंद घेतली जाणं मला नवीन होतं.

हेमलताने संग्रामला घरी बोलावलं. तो सोफ्याच्या कडेवर बसला, जेमतेम पडणार नाही इतका.

"मॅम, कंटेंट सॉलिड आहे."

"संग्राम, खरं बोल."

"मॅम, पुढच्या महिन्यात माझी प्रॅक्टिकल आहे, आणि परीक्षक तुम्ही आहात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, न वापरलेलं शूटिंग आहे का काही?"

मी उदार मनाने सगळं देऊन टाकलं. म्हटलं, पोराला शिकायला मिळेल.

पोराने माझे विनोद एकूण एक कापले. राहिलं ते फक्त आमचं मराठी भांडण, खाली हिंदी अक्षरं. कॅमेऱ्यामागून माझा आवाज : "इथे जरा थांब. लोक हसतील."

"कोण लोक?"

"माझे वाचक."

"ते आता ऐकायचं मशीन लावून घ्यायला माझ्याच ओपीडीत येतात."

दोन दिवसांत ते देशभर पोचलं. सरोजिनी नगरच्या बाजारात कुर्ते विकणारा एक जण दुकान सोडून धावत आला. "अरे, आप मशीन वाली मॅडम हैं ना?" मग माझ्याकडे बोट दाखवून, "और ये?"

"आवाज़," हेमलता म्हणाली.

घरी आल्यावर मी स्पष्ट बजावलं, की हा एका लेखकाचा उघड अपमान आहे, ते रील मी आजवर पाहिलेलं नाही, मरेपर्यंत पाहणार नाही, आणि माझ्यासमोर ते लागता कामा नये.

"बिल्कुल," म्हणून ती फोन घेऊन सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला गेली.

आणि हसायला लागली. झुरळाला हसली होती त्याहून किती तरी जास्त. चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला, परत हसली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. अग्रलेखाची पहिली ओळ चार वेळा वाचली.

"हेमलता," शेवटी मी म्हणालो, "जरा मागे घे ना. मी बोलतो तिथून लाव."